असर ते मगरिब, माहीमच्या किनाऱ्यावर

माहीम म्हटले की आपल्या घरांत आधी मुंबईचे माहीम आठवते, हजरत मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचे. आम्ही ज्या माहीमबद्दल सांगणार आहोत ते तिथून बरेच उत्तरेला, पालघर तालुक्यात समुद्राच्या काठी आहे. शेजारच्या गावाचे नाव जोडून लोक त्याला केळवे-माहीम म्हणतात. ब्रिटिशांच्या काळात ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याला याच माहीमचे नाव होते. पुढे कारभार रेल्वे स्टेशनजवळच्या पालघरला गेला, आणि २०१४ साली पालघर स्वतःच जिल्हा झाले. माहीम मागे राहिले. बरेच झाले, असे आम्हाला वाटते. त्यामुळेच तिथे अजून वाड्या आहेत, नागवेलीची सावली आहे आणि संध्याकाळी समुद्रावर बसायला मोकळी वाळू आहे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी. दोघी बीएड, दोघी शिक्षिका, दोघींनी चाळिशी ओलांडलेली. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. लहानपणापासून जे केले ते जोडीने केले, म्हणून लिहितानाही 'मी' असे हाताला येत नाही. लिहिण्याचे काम थोरलीकडे आणि चुका काढण्याचे धाकटीकडे, एवढीच काय ती वाटणी.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही चार दिवस माहीमला राहिलो. सोबत थोरलीची नववीतली लेक आणि आमचे अब्बा. सामानात कपडे कमी आणि कागद, रंग, ब्रश जास्त होते. जलरंगांचा हा छंद आम्हाला उशिरा लागला. तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या काही मुलींना शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचे होते आणि चित्रकलेचे शिक्षक नव्हते. तयारी आमच्या गळ्यात पडली. मुलींना शिकवण्यासाठी आधी आम्ही शिकलो. मुली परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या, आम्ही मात्र अडकलो.

अब्बांना घेऊन जाण्यामागे वेगळे कारण होते. ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

अब्बा साईनबोर्ड पेंटर होते. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. किराणा, कापड, दवाखाना, सायकल मार्ट. देवनागरी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, चारही लिप्या ते सारख्याच सफाईने काढत. दोरी खडूत बुडवून पत्र्यावर ताणायची, बोटाने झटका द्यायचा की सरळ रेघ उमटे. त्या रेघेवर अक्षरे बसत. शेवटी पांढऱ्या इनॅमलची एक बारीक रेघ ओढली की अक्षर पत्र्यातून वर आल्यासारखे दिसे. आम्ही दोघी शाळेतून आल्यावर त्यांच्या शेजारी बसून ती शेवटची रेघ पाहायला थांबत असू.

बारावीनंतर आम्हा दोघींना चित्रकला शिकायची होती. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे नाव आम्ही अब्बांकडूनच ऐकले होते. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेच्या फाटकापर्यंत ते एकदा जाऊनही आले होते. पण आम्ही विचारले तेव्हा त्यांनी नाही म्हटले. म्हणाले, "ब्रशची रोजी मी पाहिली आहे. तुम्ही पगाराची नोकरी करा." अम्मीने दोन वेळा शब्द टाकून पाहिला. उत्तर बदलले नाही. आम्ही बीएड झालो.

नंतर फ्लेक्स आले. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जी पाटी करायला अब्बांना दोन दिवस लागत ती यंत्रातून काही मिनिटांत निघू लागली, फोटोसकट आणि स्वस्तात. काम आधी कमी झाले, मग थांबले. घर आमच्या पगारावर चालले. म्हणजे अब्बांचे म्हणणे खरे ठरले होते. पण खरे ठरल्याचा आनंद त्यांना कधी झाला नाही, आणि ते खरे ठरले म्हणून आमच्या मनातली सल गेली नाही. ब्रश एका पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी माळ्यावर टाकले. या विषयावर घरात कोणी बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी अम्मी गेली, अल्लाह तिला जन्नत नसीब करो. तेव्हापासून अब्बा इतर विषयांवरही फारसे बोलत नाहीत.

तर असे आम्ही चौघे बोईसरहून सकाळच्या लोकलने निघालो. मध्ये उमरोळी, मग पालघर. विरारच्या लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून आमच्या भागातल्या लोकांचे येणे-जाणे सोपे झाले आहे. पालघर स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की माहीम सात-आठ किलोमीटर. एसटी मिळते, रिक्षाही मिळते. गावाची वस्ती संपली की भातकापणी झालेली शेते लागतात, मग ताडाची झाडे, मग एकदम गर्द वाड्या. हवेत गारवा आणि थोडा खारट वास येऊ लागला की समजावे, माहीम आले.

धाकटीच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचे माहेर माहीमला आहे. त्यांच्या वाडीतल्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. घरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "नमाजाला मागची पडवी झाडून ठेवली आहे, आणि जेवणात तुम्हाला चालेल तेच करीन." पुढचे चार दिवस त्यांनी तसेच केले. एका संध्याकाळी खास थंडीतली उकडहंडी झाली. कंद, रताळी, शेंगा, सगळे एकत्र वाफवलेले. अब्बांनी दोनदा मागून घेतली.

आता हिवाळाच का, ते सांगतो. जलरंगाला पाणी लागते, पण हवेत पाणी नको. पावसाळ्यात आमच्या किनारपट्टीवर कागद दमट होतो, रंगाचा पहिला हात तासभर वाळत नाही आणि दुसरा हात दिला की सगळा चिखल होतो. मे महिन्यात उलट तऱ्हा. रंग पसरायच्या आत सुकतो आणि कडा कडक राहतात. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही त्रास नाहीत. कागद बेताने सुकतो. आकाश धुतल्यासारखे असते आणि सूर्य दिवसभर कलता राहतो, म्हणून सावल्या लांब पडतात. चित्र काढणाऱ्याला लांब सावलीसारखी मदत नाही. झाड कुठे उभे आहे आणि जमीन कुठे उतरली आहे, ते सावलीच सांगते.

वेळही ठरून गेली होती. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे सूर्य सहाच्या थोडे पुढे मावळतो. असरची नमाज आटोपून किनाऱ्यावर गेलो की मगरिबपर्यंत दोन तास हाती. तेवढाच आमचा चित्रांचा वेळ. अजानने सुरुवात आणि अजानने शेवट, त्यामुळे चित्र लांबवायची सोय नव्हती. आता मागे वळून पाहताना वाटते, जलरंगाला असा बांधलेला वेळच मानवतो.

पहिल्या दिवशी आम्ही समुद्रासमोर बसलो आणि सपशेल फसलो. ओहोटी होती. पाणी दूर गेलेले, ओल्या वाळूत आकाश उतरलेले. सोपे वाटले. आम्ही निळा रंग भिजवून वरपासून खालपर्यंत फिरवला. आकाश झाले, समुद्र झाला, वाळूही निळी झाली. आणि पाण्यावरची चमक? ती दाखवायला कागदावर जागाच उरली नव्हती. लेकीने पांढरा रंग लावून पाहिला. चमक न येता चुन्याचे डाग उठले.

अब्बा मागे सुरूच्या झाडाला टेकून बसले होते. त्यांनी पाहिले, पण काही म्हणाले नाहीत.

जलरंगात नव्याने येणारा प्रत्येक जण हीच चूक करतो. जलरंग पारदर्शक असतो. रंगाची पूड, डिंक आणि पाणी, एवढाच त्याचा संसार. प्रकाश रंगातून खाली जातो, पांढऱ्या कागदावर आदळतो आणि परत येतो, म्हणून चित्र उजळ दिसते. इथला पांढरा रंग म्हणजे कागदच. तो शेवटी लावता येत नाही, सुरुवातीला राखून ठेवावा लागतो. कुठे काय करायचे याच्याआधी कुठे हात लावायचा नाही ते ठरवायचे असते. पाटीच्या कामाच्या अगदी उलट. पाटीत पांढरी रेघ सगळ्यात शेवटी येते आणि चूक झाली तर वरून दुसरा हात मारता येतो.

आपल्या पालघर जिल्ह्याची जगाला माहीत असलेली कला आहे वारली चित्रकला. तिथेही पांढरा रंग वरून येतो. गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग बांबूच्या काडीने उमटवतात. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि परदेशापर्यंत नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात मातीच्या रंगावर उजेड मांडलेला असतो. जलरंगात उजेड आधीच कागदात असतो, आपण फक्त त्याच्या भोवतीची सावली काढायची. एकाच किनारपट्टीवर बसून या दोन्ही तऱ्हा शिकता येतात, हे आम्ही रात्री लेकीला समजावून सांगत होतो. कोपऱ्यातून अब्बा म्हणाले, "पांढरा आधी ठेवायचा म्हणजे डोके लागते." चार दिवसांतले चित्रांबद्दलचे त्यांचे हे पहिले वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीतच बसलो. केळवे-माहीमची ओळख नागवेलीच्या पानांनी आहे. वेलींना आधार लागतो, सावली लागते आणि पाणी तर सतत लागते. म्हणून वाडीत शिरले की उन्हाची तिरीप तेवढी खाली येते, बाकी सगळी हिरवी सावली. एका हिरव्या रंगाने हे भागत नाही. पेटीतला तयार हिरवा लावला तर वाडी प्लास्टिकची दिसते. निळ्यात पिवळा मिसळून केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा करावा लागतो, त्यात तपकिरी घातला की सुपारीच्या सावलीतला हिरवा मिळतो. लेकीने तासाभरात अकरा हिरवे केले आणि कागदाच्या कडेला ओळीने लावून ठेवले. त्या दिवशी तिने चित्र काढलेच नाही. आम्ही रागावलो नाही. अकरा हिरवे ओळखणे हाही एक धडाच.

रंगांच्या पेटीवरून एक गोष्ट निघाली. आपल्याकडे शाळेतल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिली रंगपेटी येते ती कॅम्लिनची. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई बनवण्यापासून या उद्योगाची सुरुवात केली. त्यांचा एक कारखाना आमच्या शेजारी, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. ज्या बोईसर-तारापूरला लोक अणुवीज केंद्र आणि कारखान्यांच्या धुरासाठी ओळखतात, तिथे मुलांचे रंगही तयार होतात. लेकीला हे माहीत नव्हते. अब्बांना माहीत होते.

दुपारी गावात एक फेरी मारली. पोर्तुगीज काळातल्या किल्ल्याच्या पडक्या भिंती पाहिल्या. वसईच्या मोहिमेत १७३९ साली हा सगळा पट्टा मराठ्यांनी घेतला, ते लेकीला पुस्तकातून ठाऊक होते. आता प्रत्यक्ष दगड दिसले. पुढे वडराईच्या बाजूला कोळीवाड्यात मासळी वाळत घातली होती. उत्तरेला शिरगाव आणि पापलेटसाठी नाव कमावलेले सातपाटी. दक्षिणेला केळवे, तिथल्या सुरूच्या बनात वाळूत रुतलेला छोटा किल्ला. हे सगळे चित्रांचेच विषय. पण किनाऱ्यावर काही ठिकाणी सुरूची झाडे मुळांसकट उलथलेली दिसली. समुद्र जमीन खात पुढे येतो आहे. काकू म्हणाल्या, "आमच्या लहानपणी समुद्राला जायला बरेच चालावे लागे." त्यांनी हाताने दाखवलेली जागा आता भरतीच्या पाण्यात होती. त्या संध्याकाळी आम्ही एक उभा सुरू आणि एक पडलेला सुरू, असे एकाच कागदावर काढले. बरे आले नाही, पण जपून ठेवले आहे.

त्याच संध्याकाळी एक गंमत झाली. लेकीच्या हातून पाण्याची बाटली लवंडली. तिने सरळ समुद्राचे पाणी वाटीत आणले आणि त्यातच रंग कालवला. सुकल्यावर आकाशावर बारीक बारीक दाणे उमटले, मिठाचे. पहाटेच्या दमट हवेत तोच कागद पुन्हा ओलसर लागू लागला. अब्बांनी तो बोटाने चाचपून पाहिला आणि हसले. "हे चित्र दर पावसाळ्यात रडेल," म्हणाले. अम्मी गेल्यानंतर त्यांना असे हसताना आम्ही प्रथमच पाहिले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि काही न बोलता चहा ठेवायला आत गेलो.

इथे एका शंकेबद्दल बोलायला हवे, कारण ती आपल्या घरांत हमखास निघते. चित्र काढणे बरे की नाही? आमच्या घरी सजीवांची चित्रे भिंतीवर लावत नाहीत. अब्बांनीही आयुष्यभर अक्षरे आणि वेलबुट्टीच काढली. पण झाडे, पाणी, डोंगर, घरे यांची वाट मोकळी आहे. एका चित्रकाराला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या भिंतींवर आठव्या शतकात जडवलेले काचेच्या तुकड्यांचे काम आजही आहे. त्यात नद्या आहेत, मोठमोठी झाडे आहेत, घरे आहेत, आणि माणूस एकही नाही. जलरंगाचा तर जीवच निसर्गचित्रात आहे. ज्या मुलींना घरातून चित्रकलेला परवानगी मिळत नाही त्यांच्या आई-वडिलांना आम्ही हेच सांगतो, आणि बहुतेक जण ऐकतात.

जलरंग म्हणजे मुलांचा खेळ, असेही काही जणांना वाटते. तसे नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पाहणाऱ्यांना ते तैलचित्र वाटते, पण ते जलरंगातले आहे. दिव्याचा उजेड बोटांच्या फटीतून येतो तो रंगाने नव्हे, राखलेल्या जागेने. सय्यद हैदर रझा पुढे तैलरंग आणि अॅक्रिलिकने जगभर गाजले, पण चाळीसच्या दशकात मुंबईत उमेदवारी करताना त्यांनी शहराच्या रस्त्यांची चित्रे जलरंगातच काढली होती.

तिसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही पुन्हा ओहोटीच्या वाळूसमोर बसलो. पहिल्या दिवशीची हार मनात होती. या वेळी आधी पेन्सिलने पाण्याच्या चमकेच्या जागा आखून घेतल्या. तिथे हात लावायचा नाही, असे ठरवले. वरून स्वच्छ पाण्याचा हात, त्यावर पिवळसर, खाली येताना निळा. ओल्यावर ओला रंग आपोआप मिसळू लागला. इथवर जमले. क्षितिजाची रेघ मात्र जमेना. समुद्राची रेघ सरळ हवी, आणि आमचा हात दर वेळी मध्येच हलायचा. धाकटीने पट्टी मागितली.

"पट्टीने मेलेली रेघ येते," मागून आवाज आला. अब्बा उठून आमच्यामागे उभे होते. "मनगट टेकवू नका. श्वास सोडताना ओढा."

"तुम्हीच दाखवा," लेक म्हणाली. "नाना, एकदाच."

आम्ही असे कधीच म्हणू शकलो नसतो. वीस वर्षांत म्हणालो नव्हतो.

अब्बांनी थोडा वेळ विचार केला. मग वाळूत बसले, चपला बाजूला ठेवल्या, आठ नंबरचा ब्रश घेतला आणि पाण्यात बुडवून कापडावर टिपला. हात कापत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा हात. आम्हाला वाटले, राहू द्या म्हणावे. पण ब्रश कागदाला टेकला आणि कंप थांबला. डावीकडून उजवीकडे एक रेघ गेली. सरळ होती, पण पट्टीसारखी नव्हती. मध्ये ब्रश किंचित उचललेला, तिथे पाणी चमकत होते.

त्यांनी ब्रश परत दिला नाही. पुढची चाळीस मिनिटे त्यांनी वाळू रंगवली, निळ्यात तपकिरी मिसळून केलेल्या राखाडी रंगाने. एका ठिकाणी रंग चमकेच्या राखलेल्या जागेत शिरला. "गेले," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. पाटीवर असते तर दुसरा हात मारला असता. थोरलीने स्वच्छ ओला ब्रश तिथे फिरवला, कापडाने हलकेच टिपले. रंग वर आला. कागद पूर्वीइतका पांढरा झाला नाही, पण उजेड परतला.

"एवढे निघते?" अब्बांनी विचारले.

"ओले असेपर्यंत बरेच निघते," धाकटी म्हणाली. "वाळल्यावर थोडेच."

ते बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिले. मग समुद्राकडे पाहत म्हणाले, "तुमची अम्मी म्हणायची, पोरींना जाऊ द्या. मी घाबरलो होतो." एवढेच. आम्ही काय उत्तर देणार? ते घाबरले होते हे आम्हाला कधी सुचलेच नव्हते. आम्ही इतकी वर्षे त्या नकाराला राग समजत होतो. आज आमच्या पगारावर घर चालते, तेव्हा त्यांची भीती खोटी होती असेही म्हणता येत नाही. गावाच्या बाजूने मगरिबची वेळ होत आली होती. आम्ही सामान आवरले.

चौथ्या दिवशी निघायचे होते. सकाळी अब्बांनी लेकीकडून बारीक ब्रश मागून घेतला. साईनबोर्ड पेंटर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव घालत असत, हे आपल्यापैकी ज्यांनी जुन्या पाट्या पाहिल्या आहेत त्यांना आठवत असेल. आम्हाला वाटले, अब्बा आपले नाव घालत आहेत. पडवीत जाऊन पाहिले तर कालच्या चित्राच्या कोपऱ्यात आमची दोघींची नावे होती. वर उर्दूत, खाली देवनागरीत. शिरोरेषा तीच, लहानपणी पाहिलेली.

"रेघ तुमची, वाळू तुमची," आम्ही म्हणालो. "नाव आमचे का?"

"कागद तुमचा होता," अब्बा म्हणाले, आणि ब्रश धुवायला विहिरीकडे गेले.

ते चित्र आता घरी आहे. क्षितिजाखाली उजवीकडे एक जागा किंचित मळकट दिसते. पाहुणे विचारतात, तिथे काय झाले? आम्ही सांगतो, तिथला रंग उचलला आहे.

शेवटी शिक्षकी सवयीने थोडे उपयोगाचे. ज्या भगिनींना आणि मुलांना या हिवाळ्यात सुरुवात करायची आहे त्यांनी फार खर्च करू नये. बारा रंगांची साधी पेटी, चार, आठ आणि बारा नंबरचे गोल ब्रश, पाण्याच्या दोन वाट्या आणि एक जुने सुती कापड पुरे. दोन वाट्या यासाठी, की एकीत ब्रश धुवायचा आणि दुसरीतले पाणी स्वच्छ राखायचे. पैसे घालायचेच तर कागदात घालावे. ३०० जीएसएमचा जाड कागद पाण्याने फारसा वाकत नाही. एका मोठ्या कागदाचे चार तुकडे करावेत. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हाताने कागद बनवत आली आहे, तसा हातकागद मिळाला तर जरूर वापरून पाहावा. हलक्या रंगापासून गडदकडे जावे. पहिला हात वाळेपर्यंत दुसरा देऊ नये. त्या मधल्या वेळात चहा प्यावा, किंवा घरातल्या ज्या माणसाशी बरेच दिवस बोलणे झाले नाही त्याच्याशी बोलावे.

माहीमला जायलाच हवे असे नाही. गच्ची चालेल, परसातला शेवगा चालेल, खिडकीतली मिनाराची सावली चालेल. पण कोणी गेलेच, तर असरनंतर किनाऱ्यावर बसा आणि सोबत घरातल्या वडीलधाऱ्यांना न्या. त्यांना चित्र काढा म्हणू नका. जवळ बसू द्या, तेवढे पुरते.

या वर्षीचे तुकडे आम्ही कापून ठेवले आहेत. माळ्यावरचा पत्र्याचा डबा अब्बांनी स्वतः खाली काढला. आतले ब्रश इनॅमलने दगड झालेले, एकही कामाचा निघाला नाही. अब्बांनी डबा मात्र घासून स्वच्छ केला आहे. नवे ब्रश आता त्यात राहतात. नाताळची सुट्टी लागली की इन्शाअल्लाह पुन्हा बोईसरहून सकाळची लोकल.